गाव विचारायचं नाही

शीर सापडत नसली की आम्ही पेशंटला गाव विचारतो. हे नर्सिंगच्या पुस्तकात नाही, पण आमच्या सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही वॉर्डात चालतं. दंडाला पट्टा आवळायचा, मनगटावर दोन टिचक्या मारायच्या आणि म्हणायचं, “गाव कुठलं म्हणायचं आपलं?” पेशंट गाव सांगतो. मग कुठली आळी, अमक्यांचे तुम्ही कोण, त्या गावात आपल्या चुलत नणंदेचं सासर निघतं, आणि तोवर इन्ट्राकॅथ, म्हणजे सलाईनची सुई, आत गेलेली असते, चिकटपट्टी लागलेली असते. पेशंट हाताकडे बघून म्हणतो, “झालं पण?”

वीस वर्षं मी हा प्रश्न विचारत आले. एप्रिल २०२१ मध्ये विचारायचा बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. त्यावेळी वाटलं होतं, कोविडची लाट ओसरली की पुन्हा सुरू करू. चपला दाराबाहेर काढून आत जावं आणि येताना घालाव्यात, इतकं ते सोपं असेल असं काहीतरी डोक्यात होतं.

मी एका सरकारी रुग्णालयात काम करते. कागदावर अधिपरिचारिका, बाकी सगळ्यांची सिस्टर. भाजीवालीचीही सिस्टर आणि भावकीतल्या लग्नात वाढायला उभी राहिले तर पंगतीचीही सिस्टरच. नवरा एसटीत कंडक्टर. म्हणजे घरात दोघंही ड्युटीचे गुलाम. रोस्टर आणि शेड्यूल शेजारी ठेवून आम्ही मुलांच्या शाळेच्या मीटिंगा ठरवायचो. त्यामुळे कष्टाचं मला कौतुक नाही. रात्रपाळी, डबल ड्युटी, सणाला हजर, हे सगळं आधीपासूनच होतं. म्हणून ‘नर्सेस थकल्या’ असं कोणी लिहिलं की मला त्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. थकवा आम्हाला ओळखीचा आहे. झोपलं की तो जातो.

पहिल्या लाटेत आम्ही थकलोच. २२ मार्च २०२०, रविवार, माझी दुपारपाळी होती. पाच वाजता बाहेर थाळ्या वाजायला लागल्या, कुठूनतरी शंख, कोणी तर कुकरचं झाकण बडवत होतं. आम्ही खिडकीत उभ्या राहिलो. आता त्या थाळ्यांची टिंगल करायची पद्धत आहे, पण मी खोटं सांगणार नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आमच्यासाठी काहीतरी वाजवत होतं. पुढच्याच पंधरवड्यात आमच्या इमारतीतल्या एकाने मला नम्रपणे सांगितलं की लिफ्ट वापरू नका, जिना बरा. माणूस तोच. थाळी वाजवणाराही तोच होता, मला नंतर त्याच्या बायकोने सांगितलं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तो घाबरला होता, एवढंच.

मुलं सासूबाईंकडे गावी ठेवली होती. गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या, आत कोणी यायचं नाही. मुलांना सोडायला गेलो तेव्हा दिरांनी फांदी उचलून मुलं आत घेतली आणि फांदी परत ठेवली. मी अलीकडे. धाकटीने हात केला तो काट्यांच्या वरून. मग तीन महिने फोनच.

आणि ते किट. मे महिना, पंखे असून नसल्यासारखे, आणि अंगावर डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिक. आत शिरायच्या आधी पाणी पिणं बंद, कारण सहा तास लघवीला जाता येणार नाही. पाळी आली असली तर देवच राखो. गॉगलवर वाफ धरते, मग मान तिरपी करून एका कोपऱ्यातून औषधाचं लेबल वाचायचं. सगळ्या सारख्याच दिसायच्या म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायचो. पेशंटला पाठ थोडीच दिसते? एक आजोबा मला “ओ चंद्रावरच्या बाई” म्हणून हाक मारायचे. ते बरे होऊन गेले. जाताना म्हणाले, “तुमचं तोंड काय बघायला मिळालं नाही बघा.” तेव्हा आम्ही हसायचो. किट काढल्यावर नाकावरचे वळ एकमेकींना दाखवायचो. मी त्यांनाही गाव विचारलं होतं. आवाज मास्कमधून जाईना म्हणून ओरडून विचारलं होतं.

त्या वर्षी १२ मेला फ्लोरेन्स नाइटिंगेलची दोनशेवी जयंती होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे सालच परिचारिका आणि सुईणींचं म्हणून आधीच जाहीर करून ठेवलं होतं. योगायोग म्हणायचा की थट्टा, तुम्हीच ठरवा. नर्सिंग कॉलेजात आम्ही हातात दिवा धरून शपथ घेतली होती. क्रायमियाच्या युद्धात रात्री दिवा घेऊन जखमींमधून फिरणारी बाई, एवढीच ती आम्हाला शिकवली. ती १८५६ मध्ये घरी परतली आणि पुढच्या वर्षापासून कितीतरी वर्षं बहुतेक अंथरुणाला खिळून होती, तिथूनच तिने आकडेवारी मांडली, अहवाल लिहिले, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळलं. दिवा दाखवला, अंथरूण काही दाखवलं नाही.

१६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झालं. पहिला नंबर आमचा. दंड सुजला, ताप आला, आणि आम्ही आनंदात. कोविड वॉर्ड निम्मा रिकामा झाला होता. सव्वा वर्षात न घेतलेली रजा टाकायची म्हणून मी अर्ज लिहूनही ठेवला. तो अजून कुठल्यातरी डायरीत असेल.

दुसऱ्या लाटेत जे झालं ते सांगण्यासाठी आधी थोडं गणित सांगावं लागेल, कारण आमच्या रात्री त्या गणितातच गेल्या. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर ऑक्सिजन असतो. बॅगवाल्या मास्कवरचा पेशंट मिनिटाला १५ लिटर घेतो, म्हणजे एक सिलिंडर पावणेआठ तास. हाय फ्लोच्या मशीनवरचा पेशंट मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढतो, म्हणजे तोच सिलिंडर दोन तासही पुरत नाही. अठरा एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांवर नवे रुग्ण निघाले होते. आमच्याकडे तीस खाटा आणि रात्रीला तीन सिस्टर. अतिदक्षता विभागात एका पेशंटमागे एक नर्स असावी असा निकष आहे, तो आमच्या ट्रेनिंगच्या वहीत लाल शाईने लिहिलेला आहे.

रात्री अडीच-तीनला मॅनिफोल्ड रूमचा, म्हणजे ऑक्सिजनचे सिलिंडर जोडायच्या खोलीचा, मामा वर येऊन सांगायचा, “सिस्टर, गाडी अजून पोचली न्हाय. जरा बघून घ्या.” बघून घ्या म्हणजे काय, ते त्यालाही माहीत आणि आम्हालाही. ज्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९६ टक्के आहे त्याचा फ्लोमीटर थोडा खाली करायचा. ९२-९३ राहिलं तरी चालतंय, डॉक्टरांनी तसं सांगितलेलं, आणि ते शास्त्राला धरूनही होतं. ऑक्सिजन उगाच वाया घालवू नका अशा सूचना वरूनही होत्या. मी काही चुकीचं करत नव्हते. पण तुम्ही एकदा करून बघा. गोल खुंटी दोन बोटांत धरायची, आतली छोटी गोळी हळूहळू खाली येते, दहावरून आठवर, आणि पेशंट जागा असतो. तो गोळीकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतो. तो विचारतो, “कमी केलं का सिस्टर?” आणि तुम्ही म्हणता, “नाही, नीट बसवलं.”

एकवीस एप्रिलला नाशिकच्या महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि बावीस पेशंट गेले. ती बातमी आली तेव्हा मी ड्युटीवर होते. कोणी काहीच बोललं नाही. वॉर्डातल्या चारही बायकांच्या माना एकाच वेळी भिंतीवरच्या दाबाच्या काट्याकडे वळल्या, एवढं मला आठवतं. काटा जागेवर होता. मग सगळ्या आपापल्या कामाला लागल्या.

आता सतरा नंबर.

चाळिशीच्या बाई. हाताला शिरा नाहीत, रोजची भाकरी थापून घट्ट झालेले तळवे. सवयीने विचारलं गाव. त्यांनी सांगितलं, आणि ते माझ्या माहेरच्या शेजारचं निघालं. मध्ये फक्त ओढा. लहानपणी आम्ही त्यांच्या बाजूच्या चिंचा चोरायचो. त्या म्हणाल्या, “म्हंजी तुम्ही आमच्या शिवंच्याच की.” मास्कच्या आत त्या हसल्या असाव्यात, डोळ्यांवरून कळलं.

त्यांचे मालक खालच्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. नातेवाईकांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं की बाईंना इतक्यात सांगायचं नाही, त्यांचं सॅच्युरेशन आधीच खाली येतंय. ठरवणं बरोबर होतं. पण रोज सकाळी त्या विचारायच्या मला. “मालकांचं कसं हाय?” मी म्हणायचे, सुधारतायत. चार दिवस. तिसऱ्या दिवशी तर मी तपशीलसुद्धा घातला, म्हटलं आज थोडी पेज घेतली. कुठून सुचलं कोण जाणे.

मग त्यांनी मला एक काम सांगितलं. घरची म्हैस गाभण होती, दिवस भरले होते. धाकट्या दिराला विचारा व्याली का, आणि म्हणावं पहिला चीक देवाला ठेवा, माझी वाट बघू नका. मी ड्युटी संपल्यावर माझ्या फोनवरून लावला. तो माणूस आधी भावाचंच काहीतरी कागदाचं समजून घाबरला. मग म्हणाला, व्याली, रेडी झाली. दुसऱ्या दिवशी किट घालून आत गेले ती सरळ सतरा नंबरकडे. कानाशी वाकून सांगितलं, “रेडी झाली.” त्यांनी दोन्ही हात जोडले, मला की देवाला, ठाऊक नाही. चार दिवसांत मी त्यांना सांगितलेली तेवढीच एक खरी गोष्ट.

त्या रात्री त्या गेल्या.

नातेवाईक जवळ नसताना पेशंट गेला की त्याच्या वस्तू रजिस्टरमध्ये लिहून जमा करतात. दोन सिस्टरांच्या सह्या लागतात. त्यात ‘सोने’ असं कधी लिहायचं नाही, कारण ते सोनं आहे हे आम्ही कशावरून ठरवणार? म्हणून ‘पिवळ्या धातूचे’ असं लिहायचं. मंगळसूत्र निघेना. मास्कच्या दोरीत आणि केसांत गुंतलं होतं, आणि माझ्या हातावर दोन-दोन ग्लोव्हज. केरळची एक मुलगी होती माझ्याबरोबर, कंत्राटावर आलेली, तिने मान उचलून धरली आणि मी पाण्याचा हात लावून एकेक केस सोडवला. कातरी होती ट्रेमध्ये. वापरावीशी वाटली नाही. पंधरा मिनिटं गेली असतील, आणि तेवढ्या वेळात नऊ नंबरची बेल तीनदा वाजली. मग लिहिलं: काळ्या मण्यांत ओवलेल्या पिवळ्या धातूच्या वाट्या २, मणी १४, पांढऱ्या धातूची जोडवी २ जोड, चार्जर १, स्टीलचा डबा १.

दीर आला दोन दिवसांनी सामान घ्यायला. दारात उभं राहूनच सही केली. म्हणाला, “शेवटाला काय बोलल्या का वैनी?” मी म्हटलं, म्हशीचं विचारत होत्या. तो एकदम हसला, आणि मग तिथेच पायरीवर बसला.

त्या दिवसापासून गाव बंद. विचारलं नाही की ओढा मध्ये येत नाही. सतरा नंबरवर तासाभरात दुसऱ्या कोणीतरी आल्या, त्यांना मी सतराच म्हटलं. नऊला नऊ. काम फार सुरळीत चाललं, हे मी कबूल करते. कमी चुका, कमी वेळ. हँडओव्हर इतका नेटका की आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी कौतुक केलं. मलाही वाटलं, आपण आता पक्क्या झालो.

डिसेंबरमध्ये आमच्यासाठी ‘ताण व्यवस्थापन’ नावाची कार्यशाळा झाली. वेळ सकाळी साडेनऊ, म्हणजे रात्रपाळीच्या बायकांनी घरी न जाता तिथे बसायचं. एक टापटीप गृहस्थ आले, त्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. निम्म्या जणी तेवढ्यावरच झोपल्या. माझ्या शेजारची घोरायला लागली तेव्हा मी तिला कोपरखळी मारली नाही. मला वाटतं, त्या दोन तासांत खरा उपचार तिच्यावरच झाला.

पण त्यांनी फळ्यावर बर्नआउट हा शब्द लिहिला आणि तो माझ्या डोक्यात राहिला. घरी येऊन मोबाईलवर वाचत बसले. न्यूयॉर्कमधला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचा मानसशास्त्रज्ञ दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करायचा आणि रात्री गरिबांच्या मोफत दवाखान्यात काम. तिथल्या सेवेकऱ्यांचं आणि स्वतःचंही काय होतंय ते बघून त्याने १९७४ मध्ये या शब्दाखाली लिहिलं. म्हणजे शब्दाचा जन्मही दवाखान्यातल्या रात्रपाळीतलाच. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक या बाईंनी बावीस विधानांची प्रश्नावली केली. त्यात एक विधान साधारण असं आहे, की मी काही लोकांशी ती वस्तू असल्यासारखं वागते असं मला वाटतं. ते वाचून मी फोन उलटा ठेवला. आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची तीन लक्षणं दिली: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. सोबत हेही स्पष्ट केलं की हा आजार नाही, कामाच्या ठिकाणी घडणारी गोष्ट आहे. वा. आजार नाही म्हणजे मेडिकल रजाही नाही.

मराठीत याला काय म्हणायचं यावर आमची एकदा ड्रेसिंग रूममध्ये चर्चा झाली. कोणी म्हणालं होरपळ, कोणी म्हणालं जळून जाणं. इन्चार्ज सिस्टर, ज्यांची निवृत्ती दीड वर्षावर होती, त्या गॉजचे तुकडे घड्या करत म्हणाल्या, “मी खाली लागलेय गं.” आम्ही सगळ्या गप्प झालो. खाली लागलेला भात वरून बघितला तर पांढराशुभ्र असतो. वाढायला घेतला की कळतं. वर वर काढून वाढला तरी वास सगळ्या पातेल्याला. आणि भात लागतो तो पाणी कमी पडलं म्हणून, हेही त्याच म्हणाल्या. तांदळाचा दोष नसतो त्यात.

त्या बाईंनी एक गोष्ट केली, जी कुठल्याच परिपत्रकात नव्हती. रोस्टर लावताना आळीपाळीने प्रत्येकीला आठवड्यातला एक दिवस स्टोअरला लावायच्या. चादरी मोजा, उश्यांचे अभ्रे मोजा, फाटक्या वेगळ्या काढा. कागदावर ते ‘साठा पडताळणी’. चादर काही विचारत नाही. चादरीला मालक नसतो. मी त्या खोलीत बसून चारशे बारा चादरी मोजल्या आहेत, आणि एकदा आकडा चुकला म्हणून आनंदाने परत मोजल्या आहेत. मला समुपदेशक नको होता असं नाही. पण त्याच्याआधी मला रात्रीला चौथी सिस्टर हवी होती. नऊ नंबरची बेल तिने घेतली असती, आणि मी सतरा नंबरचे केस सोडवताना दाराकडे बघितलं नसतं.

चौथी सिस्टर आली नाही. उलट होती ती गेली. लाट संपल्यावर कंत्राटावरच्या मुलींना एका पत्राने कार्यमुक्त केलं. सरकारी भाषेत नोकरी जाण्याला मुक्ती म्हणतात. ती केरळची मुलगी जाताना मला नारळाची बर्फी देऊन गेली. अधूनमधून मेसेज करते. आता पुण्यात जर्मन शिकतेय, बी टू लेव्हलची परीक्षा आहे, पास झाली की तिकडच्या इस्पितळात. मी तिला विचारलं, जर्मनमध्ये गाव कुठलं कसं विचारतात गं? तिने उत्तर पाठवलं, पण मला वाचता आलं नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, अकरा रुग्ण गेले. त्यानंतर ज्यांना अटक झाली त्यांत परिचारिका होत्या. त्या प्रकरणात कोणाचं काय चुकलं हे ठरवायला मी कोण? पण आमच्या वॉर्डात त्या दिवसानंतर प्रत्येक जण ड्युटीवर आली की आधी खिडक्या उघडतात का ते बघायची. पहिल्या लाटेत रुग्णालयांवर फुलं टाकणारी हेलिकॉप्टरं आणि अटकेची बातमी यांत दीड वर्षाचं अंतर होतं. २०२२च्या मेअखेर राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या, बाहेरच्या एजन्सीकडून भरती नको म्हणून. आम्हीही गेटवर बसलो. एका पेशंटच्या नातेवाइकाने जाता जाता म्हटलं, “तुम्ही तर देव होता की ओ, आणि पगारासाठी बसता?” त्यावर आमच्यातल्या एकीने त्याला विचारलं, देवळातल्या देवालाही दुपारी निजवतात ना, दार लावून? तो माणूस बहुतेक वारकरी असावा. हसला आणि आमच्यात येऊन चहा प्याला.

घरी काय झालं तेही सांगायला हवं, कारण मला खरं तिथे कळलं. धाकटी सायकलवरून पडली. हनुवटी फुटलेली, गुडघे सोललेले, रडत घरात आली. मी तिला बेसिनपाशी नेलं, जखम धुतली, कडेने आत बघितलं, टाके लागणार नाहीत हे ठरवलं, बीटाडिन लावलं, आणि विचारलं, “टीटी कधी घेतलं होतंस शेवटचं?” ती रडायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आई, मी पडलेय गं.”

मी तिला जवळ घेतलं. घेतलं म्हणजे, घ्यायचं असतं हे आठवलं म्हणून घेतलं. तिला ते कळलं की नाही माहीत नाही. नवऱ्याला कळलं. तो २०२०च्या शेवटी बेस्टच्या मदतीला मुंबईला पाठवलेल्या एसटीवाल्यांतला. तिथून आजारी होऊन आला होता, त्यालाही रात्री दचकायला व्हायचं. त्या रात्री तो म्हणाला, “तू बदली माग. ओपीडीत जा, लसीकरणाला जा, कुठेही जा.” मी अर्ज केला. सहा महिन्यांनी लसीकरणाला मिळालं. तान्ही पोरं, त्यांचं भोकाड, त्यांच्या आयांच्या पिशव्यांतले लंगोट. दीड वर्ष होते तिथे. पोरांना गाव विचारावं लागत नाही, सुई टोचली की ती आपली रडतात. रडणाऱ्या पोराच्या मांडीवर कापूस दाबून धरताना मला बरं वाटायचं. का, ते मी फार तपासलं नाही.

गेल्या पावसाळ्यात परत वॉर्डात आले. पुरुषांचं मेडिसिन. खाली लागलेल्या भाताचं पातेलं घासून ठेवलं की दुसऱ्या दिवशी त्यात वरण होतं, तसं काहीसं. काम जमतंय. पेशंटला दादा, काका म्हणते. नंबर म्हणत नाही, एवढं मात्र सोडलं. हाताला शीर सापडली नाही तर गरम पाण्याची पिशवी शेकायला देते, थोडं थांबते, परत बघते. शेकून शीर वर येते, ही पद्धत पुस्तकातली आहे आणि चांगली आहे.

परवा बारा नंबरला, म्हणजे बाराव्या खाटेवर, एक आजोबा आले. न्यूमोनिया. साधाच, पण ऑक्सिजन लावावा लागला. मी पट्टा आवळून शीर शोधत होते. पिशवी शेकून झाली होती. आजोबा माझ्या हाताकडे बघत होते, आणि त्यांना बहुतेक माझीच दया आली असावी. घोगऱ्या आवाजात म्हणाले, “गाव कुठलं म्हणायचं तुमचं?”

सुई आत गेली होती. नळीत रक्त आलं.

“इथलंच,” मी म्हटलं आणि पट्टा सोडला.

“इथलं न्हाय वाटत,” आजोबा म्हणाले. “बोलण्यावरनं वढ्याच्या अंगाच्या दिसताय.”

मी चिकटपट्टी लावली, वर तारीख-वेळ लिहिली, आणि सलाईनचे थेंब मोजायला लागले.